मेंदूची प्रतिमा : प्रत्यक्ष की अनुमान?

१८८० च्या सुमारास इटलीतील तुरीन येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांच्याकडे बर्तीनो नावाचा एक शेतकरी तपासणीसाठी होता. अपघातात त्याच्या कवटीचे हाड फुटले होते आणि त्या जागी कातडीखाली मेंदूची धडधड दिसत असे. मोस्सो यांनी त्यावर स्पंदने कागदावर उतरविणारे एक उपकरण बसविले. दुपारी चर्चची घंटा वाजली आणि कागदावरील रेषा एकाएकी उंचावली. घंटा ऐकून तुला प्रार्थनेची आठवण झाली काय, असे मोस्सो यांनी विचारले. तो होय म्हणाला, तेव्हा रेषा पुन्हा उंचावली. मग बारा आठे किती, हा हिशेब त्याला मनाशी करावयास सांगितला. रेषा आणखी एकदा उंचावली.

मोस्सो यांनी विचार पाहिला काय? नाही. त्यांनी रक्ताचे भरणे पाहिले आणि त्यावरून मनाच्या व्यापाराविषयी तर्क केला. आज रुग्णालयांत आणि संशोधनसंस्थांत कोट्यवधी रुपयांची यंत्रे उभी आहेत, वृत्तपत्रांतून लाल-पिवळ्या ठिपक्यांनी उजळलेल्या मेंदूंची चित्रे नित्य छापून येतात. तथापि त्या शेतकऱ्याच्या कवटीवरील उपकरणात आणि या यंत्रांत तत्त्वतः जेवढे अंतर आपण समजतो तेवढे नाही. ते चित्र म्हणजे मनाचे दर्शन नव्हे. ते मनाच्या व्यापाराचे एक चिन्ह आहे.

बौद्ध न्यायशास्त्राशी परिचय असलेल्या वाचकास येथे आचार्य दिङ्नागांचे स्मरण होईल. इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकांतील या आचार्यांनी ‘प्रमाणसमुच्चय’ या ग्रंथात ज्ञानाची दोनच साधने मान्य केली : प्रत्यक्ष आणि अनुमान. शब्दप्रामाण्याला त्यांनी स्वतंत्र स्थान दिले नाही. धूर पाहून अग्नीचे ज्ञान होते ते अनुमानाने, आणि धूर हे त्याचे लिंग, म्हणजे खूण. पण कोणतीही खूण अनुमानास पुरत नाही. तिने तीन अटी पाळल्या पाहिजेत. ज्याविषयी आपण बोलतो त्या ठिकाणी ती असली पाहिजे, तशाच इतर उदाहरणांत ती आढळली पाहिजे, आणि जेथे साध्य नाही तेथे ती मुळीच आढळता कामा नये. पैकी तिसरी अट, विपक्षात खुणेचा अभाव, ही सर्वांत कठीण आणि सर्वांत अधिक विसरली जाणारी. मेंदूच्या प्रतिमांचा इतिहास या तिसऱ्या अटीच्या उजेडात वाचला, तर त्यातील प्रगतीही नीट कळते आणि अपघातही.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्हेल्म रॉन्टगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. हाताची हाडे दिसू लागली, छातीतील क्षय दिसू लागला, परंतु मेंदू मात्र दिसेना. कवटीचे हाड किरण अडविते आणि आतील मृदू भागाच्या घनतेत फरक इतका अल्प की सावलीत सारे एकरूप होते. यावर १९१८-१९ मध्ये बाल्टिमोर येथील शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरण छायाचित्र घेण्याची युक्ती काढली. रुग्णाला असह्य डोकेदुखी होई. १९२७ साली लिस्बन येथे एगास मोनिझ यांनी रक्तवाहिन्यांत क्ष-किरण अडविणारे द्रव्य सोडून त्यांचे जाळे दाखविले. या दोन्ही पद्धतींत मेंदू दिसत नव्हता. त्याच्या आतील पोकळी वा रक्तवाहिनी जागची सरकलेली दिसे, आणि त्यावरून गाठ कोठे असावी याचा अंदाज बांधला जाई.

ही कोंडी फोडली ती गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी, आणि ते वैद्यही नव्हते वा विद्यापीठाचे पदवीधरही नव्हते. ग्रामोफोनच्या तबकड्या काढणाऱ्या ई.एम.आय. या ब्रिटिश कंपनीत ते अभियंता होते. एखाद्या पेटीतून अनेक दिशांनी किरण पाठविले आणि प्रत्येक वेळी किती किरण पलीकडे पोहोचले ते मोजले, तर पेटी न उघडता आत काय आहे हे गणिताने सांगता येईल, ही त्यांची कल्पना १९६७ ची. प्रयोगशाळेतील पहिल्या यंत्रावर एका छेदासाठी २८,००० मापे घ्यावी लागत आणि त्यास नऊ दिवस लागत. त्यानंतर संगणकाची अडीच तासांची आकडेमोड. कत्तलखान्यातून आणलेल्या बैलांच्या मेंदूंवर त्यांनी चाचण्या केल्या. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातील अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्ण स्त्रीच्या मेंदूचे सी.टी. चित्र निघाले. ८० गुणिले ८० चौकोनांच्या त्या ओबडधोबड चित्रात मेंदूच्या पुढच्या भागात एक गोल काळसर डाग होता. शस्त्रक्रियेत गाठ नेमकी तेथेच सापडली. अ‍ॅलन कॉर्मॅक यांनी याच प्रश्नाचे गणित १९६३-६४ साली प्रसिद्ध केले होते, त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नव्हते. १९७९ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. ज्ञान कोणाच्या हातून पुढे सरकेल हे पदव्यांच्या यादीवरून ठरत नाही, याचे हे एक उदाहरण म्हणून मला ते नेहमी आठवते.

क्ष-किरणांवाचून चित्र काढण्याची वाट पाण्यातून गेली. शरीराचा मोठा भाग पाणी आहे आणि पाण्यातील हायड्रोजनचा अणुगर्भ हा जणू सूक्ष्म चुंबक असतो. बलवान चुंबकीय क्षेत्रात तो ठरावीक लहरींना प्रतिसाद देतो, हे फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्येच दाखविले होते. प्रश्न होता तो प्रतिसाद शरीराच्या कोणत्या ठिकाणाहून आला हे ओळखण्याचा. पॉल लॉटरबर यांनी उत्तर दिले : क्षेत्राची तीव्रता जागोजाग थोडी थोडी बदलत न्यावी, म्हणजे लहरीच आपला पत्ता सांगेल. ‘नेचर’ नियतकालिकाने त्यांचा निबंध प्रथम परत पाठविला होता. १९७३ मध्ये तो तेथेच प्रसिद्ध झाला. नॉटिंगहॅमच्या पीटर मॅन्सफील्ड यांनी चित्र वेगाने घेण्याची गणिती रीत दिली. दोघांना २००३ चे नोबेल मिळाले. कर्करोगाच्या पेशीसमूहाचा प्रतिसाद वेगळा असतो हे १९७१ मध्ये दाखविणारे रेमंड डमाडियन त्यातून वगळले गेले आणि त्यांच्या बाजूने वृत्तपत्रांत पानभर जाहिराती झळकल्या.

पण हे सारे रचनेचे चित्र झाले. कार्याचे काय? १८९० मध्ये केंब्रिजच्या रॉय आणि शेरिंग्टन यांनी मेंदूच्या कामानुसार त्याचा रक्तपुरवठा बदलतो असे प्रतिपादन केले होते. सुमारे साठ वर्षांनी सीमूर केटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संपूर्ण मेंदूचा रक्तप्रवाह मोजण्याची पद्धत बसविली, आणि १९५५ साली एक चमत्कारिक गोष्ट उजेडात आली. माणूस कठीण तोंडी हिशेब करीत असतानाही त्याच्या मेंदूचा एकूण प्राणवायूचा खप जवळजवळ तेवढाच राहतो. शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असलेला हा अवयव विश्रांतीतही शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के खर्च करतो. म्हणजे ‘विचार करणे’ हा शांत तळ्यात पडलेला दगड नव्हे. वाहत्या पुरात उठलेला तो एक लहानसा भोवरा आहे, आणि शोधावयाचा आहे तो हा भोवरा.

१९७५ च्या सुमारास सेंट लुईस येथे तयार झालेल्या पेट यंत्राने किरणोत्सारी द्रव्याच्या साहाय्याने तो शोधता येऊ लागला. त्यासाठी वापरावयाच्या प्राणवायूच्या समस्थानिकाचे अर्धायुष्य जेमतेम दोन मिनिटे, त्यामुळे ते निर्माण करणारे सायक्लोट्रॉन शेजारच्याच इमारतीत हवे. भारतात पेट यंत्र २००२ साली मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आले, आणि अशा यंत्रांचा मुख्य उपयोग आपल्याकडे कर्करोगासाठी होत आला आहे.

त्यापुढची पायरी रक्तातील लोहाने दिली. प्राणवायू वाहून नेणारे हीमोग्लोबिन आणि प्राणवायू सोडून दिलेले हीमोग्लोबिन यांचा चुंबकीय स्वभाव भिन्न असतो, हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरियेल यांनी १९३६ मध्येच सिद्ध केले होते. १९९० साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सेइजी ओगावा यांनी उंदरांच्या मेंदूवर या भेदाचा उपयोग करून दाखविला. माणसाला कसलेही द्रव्य टोचावयास नको, त्याच्या स्वतःच्या रक्तातच खूण आहे! १९९२ मध्ये तीन निरनिराळ्या अमेरिकी गटांनी माणसांवरील प्रयोग प्रसिद्ध केले आणि फंक्शनल एम.आर.आय. चे युग सुरू झाले. यातील कार्यकारणाची साखळी मात्र लांब आहे. मेंदूचा एखादा भाग कामास लागला की तेथे ताज्या रक्ताचा लोंढा येतो. हा लोंढा वाढीव गरजेपेक्षा कितीतरी मोठा असतो, म्हणून प्राणवायू गमावलेल्या हीमोग्लोबिनचे प्रमाण तेथे घटते, आणि संकेत किंचित वाढतो. ही वाढ बहुधा एक-दोन टक्क्यांची असते आणि तिचा कळस पाच-सहा सेकंदांनी येतो. तेवढ्या वेळात मनात किती क्षण उत्पन्न होऊन निरुद्ध झाले असतील, हे अभिधम्माच्या अभ्यासकाला सांगावयास नको.

शिवाय चित्रातील एक ठिपका म्हणजे काय, हेही पाहिले पाहिजे. सामान्यतः तो तीन मिलिमीटर बाजूचा घन असतो. हार्वर्ड आणि गूगल येथील संशोधकांनी २०२४ मध्ये मानवी मेंदूच्या बाह्यकाचा एक घन मिलिमीटर एवढा तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने उलगडून दाखविला. तेवढ्यात सुमारे ५७,००० पेशी, त्यांपैकी सुमारे १६,००० चेतापेशी, आणि त्यांच्यामधील सुमारे १५ कोटी सांधे होते. यंत्राच्या एका ठिपक्यात असे सत्तावीस तुकडे मावतात. चार लाखांहून अधिक चेतापेशींचा कोलाहल एका रंगाच्या ठिपक्यात सांगणे, ही खूण फार दुरून दिसणाऱ्या धुरासारखी आहे. तेथे अग्नी आहे एवढे कळते. तेथे स्वयंपाक चालला आहे की घर जळते आहे, हे कळत नाही.

हे विसरल्याचे परिणाम संशोधकांनीच उघडकीस आणले, ही या शास्त्राची जमेची बाजू होय. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एक मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांची भावपूर्ण छायाचित्रे ‘दाखविली’, आणि संख्याशास्त्राची एक आवश्यक दुरुस्ती न करता हिशेब केला. मृत माशाच्या मेंदूत ‘क्रिया’ आढळली! हजारो ठिपक्यांची एकाच वेळी परीक्षा घेतली की त्यांतील काही केवळ योगायोगाने उत्तीर्ण होतात, एवढेच त्यांना दाखवावयाचे होते. २०१६ मध्ये अँडर्स एकलुंड आणि सहकाऱ्यांनी दाखविले की प्रचलित संगणक-कार्यक्रमांतील काही रीतींनी चुकीच्या होकाराचे प्रमाण ५ टक्क्यांऐवजी ७० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. २०२० मध्ये एकच माहिती सत्तर गटांना देऊन नऊ प्रश्न विचारण्यात आले. कोणत्याही दोन गटांची विश्लेषणाची वाट सारखी नव्हती आणि काही प्रश्नांची उत्तरेही जुळली नाहीत.

दिङ्नागांची तिसरी अट सर्वांत उघडपणे मोडली जाते ती उलट दिशेच्या तर्कात. भीती वाटते तेव्हा अमुक भाग उजळतो. तो भाग उजळला, सबब या माणसाला भीती वाटत आहे. २०११ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधील एका लेखात असा दावा होता की लोकांचे आपल्या फोनवर अक्षरशः प्रेम असते, कारण फोन वाजताच इन्सुला हा भाग उजळतो. चाळीसहून अधिक शास्त्रज्ञांनी निषेधाचे पत्र धाडले. इन्सुला तर सुमारे एकतृतीयांश प्रयोगांत उजळतो, वेदनेत आणि किळस येण्यातही. विपक्षात खूण ढळढळीत उपस्थित आहे. मग अनुमान उभे राहणार कशावर?

आपल्या समाजाने अशा मोडक्या अनुमानाची किंमत एके काळी मोजली आहे. पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये वाचेचे स्थान मेंदूच्या डाव्या भागात दाखविले. त्याच ब्रोकांनी कवट्या मोजून मानवसमूहांची प्रतवारी लावण्याचाही उद्योग केला. त्या परंपरेत तयार झालेली मोजपट्टी हर्बर्ट रिस्ले यांनी १८९१ साली हिंदुस्थानातील जातींना लावली आणि नाकाच्या रुंदीवरून सामाजिक दर्जाचे सूत्र मांडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अस्पृश्यतेच्या मूळविषयक ग्रंथात या वंशसिद्धान्ताचा समाचार घेतला. त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. त्यांनी मोजमापाला नकार दिला नाही. प्रा. घुर्ये यांनी संकलित केलेली मापे त्यांनी घेतली, प्रांतवार ताडून पाहिली, आणि त्या मापांवरून ब्राह्मण व अस्पृश्य भिन्न वंशांचे ठरतच नाहीत असे दाखविले. ही विपक्षाची परीक्षाच होती.

प्रत्यक्षाचा भ्रम न्यायालयातही शिरतो. हान्स बर्गर यांनी जर्मनीत येना येथे १९२४ मध्ये मानवी मेंदूच्या विद्युत्‌लहरी प्रथम नोंदविल्या. त्या ई.ई.जी. वर आधारलेल्या एका भारतीय चाचणीत आरोपीला गुन्ह्याशी संबंधित वाक्ये ऐकवितात आणि लहरींवरून त्याला त्या घटनेचे ‘अनुभवज्ञान’ आहे की नाही हे ठरवितात. निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने ही पद्धत अशास्त्रीय ठरविली होती. तरीही २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात इतर पुराव्यांसह या चाचणीचाही आधार घेऊन शिक्षा सुनावली, तेव्हा जगभरच्या शास्त्रज्ञांनी भुवया उंचावल्या. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात निर्णय दिला की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूलहरींची चाचणी कोणावरही संमतीवाचून करता येणार नाही. संविधानाचा अनुच्छेद २०(३) आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासून संरक्षण देतो. जीभ बंद ठेवण्याचा हक्क आहे आणि मेंदू मात्र उघडा, असा अर्थ लावण्यास न्यायालयाने नकार दिला. कोठडीत कोण अधिक जातात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या निर्णयाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

आता आपल्या घरातील गोष्ट. ध्यानाने मेंदू बदलतो हे विज्ञानाने सिद्ध केले, असे वाक्य अनेक धम्मसभांतून ऐकू येते. २००४ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात दीर्घकाळ ध्यान केलेल्या आठ तिबेटी परंपरेच्या साधकांच्या मेंदूलहरी दहा नवख्या विद्यार्थ्यांशी ताडल्या गेल्या आणि साधकांत विशिष्ट जलद लहरी प्रबळ आढळल्या. २०११ मध्ये बोस्टन येथील अभ्यासात आठ आठवड्यांच्या स्मृति-प्रशिक्षणानंतर मेंदूच्या काही भागांची घनता वाढल्याचे सांगितले गेले. प्रशिक्षण घेतलेले होते सोळा जण. पुढे २०२२ मध्ये विस्कॉन्सिनच्याच संशोधकांनी २१८ व्यक्तींवर, चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याच्या कडक पद्धतीने, तोच प्रश्न पुन्हा विचारला. मेंदूच्या रचनेत प्रशिक्षणामुळे घडलेला बदल आढळला नाही. हा निष्कर्ष आठ आठवड्यांपुरता आणि रचनेपुरता आहे. त्यावरून ध्यान निरर्थक ठरत नाही. परंतु धम्माला प्रतिष्ठा यावी म्हणून यंत्राचे प्रमाणपत्र मिरविणारांनी हे दुसरे प्रमाणपत्रही त्याच आदराने भिंतीवर लावले पाहिजे. ‘एहिपस्सिको’ या शब्दाची अपेक्षा निदान एवढी तरी आहे. शरीराच्या बत्तीस अंगांच्या भावनेत ‘मत्थलुंग’, म्हणजे मेंदू, हे एक अंग आहे. सतिपट्ठान सुत्ताच्या यादीत ते नाही, खुद्दकपाठातील यादीत आहे. मनाचा आश्रय कोणता अवयव, हे पट्ठानाने नाव घेऊन सांगितलेच नाही. हृदय हे उत्तर पुढे अट्ठकथाकारांनी दिले. मूळ पाठाचा हा संयम मला पुष्कळशा आधुनिक मथळ्यांपेक्षा शास्त्रीय वाटतो.

अलीकडची यंत्रे अचाट आहेत. पॅरिसजवळच्या सॅक्ले येथील ११.७ टेस्लाच्या, १३२ टन वजनाच्या चुंबकाने २०२४ मध्ये मानवी मेंदूच्या पहिल्या प्रतिमा दिल्या. रुग्णालयातील नेहमीचे यंत्र दीड किंवा तीन टेस्लाचे असते. उलट टोकाला, २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले, रुग्णाच्या खाटेपाशी ढकलत नेता येणारे ०.०६४ टेस्लाचे यंत्र आहे. चित्र फिके, पण साध्या विजेवर चालते. माझ्या मते आपल्या तालुक्याच्या गावांना या दुसऱ्या टोकाची बातमी अधिक महत्त्वाची आहे. चेन्नईत आय.आय.टी. मद्रासने २०२४ च्या डिसेंबरात मानवी गर्भाच्या मेंदूच्या ५,१३२ छेदांचा त्रिमितीय नकाशा जगास खुला केला, ही भारतीय कामगिरीही नोंदवावी अशी आहे. ब्रिटनच्या बायोबँकेने २०२५ च्या जुलैत एक लाख स्वयंसेवकांच्या प्रतिमा पूर्ण केल्या. मात्र हे स्वयंसेवक सर्वसामान्य लोकांपेक्षा अधिक निरोगी आणि सुस्थितीतील आहेत. गरिबाचा, शेतमजुराचा मेंदू ‘सामान्य मेंदू’च्या व्याख्येत अद्याप फारसा मोजला गेलेला नाही.

आणि तरीही या खुणेने जे करून दाखविले ते विलक्षण आहे. २००५ मध्ये इंग्लंडमधील एका तेवीस वर्षांच्या तरुणीला अपघात झाला. डोळे उघडत, पण कोणत्याही सूचनेला प्रतिसाद नाही. जाणीवशून्य, असे निदान झाले. एड्रियन ओवेन यांनी तिला यंत्रात ठेवून सांगितले, तू टेनिस खेळते आहेस अशी कल्पना कर. नंतर सांगितले, आपल्या घरातील खोल्यांतून फिरते आहेस अशी कल्पना कर. दोन्ही वेळी मेंदूचे वेगवेगळे भाग उजळले, निरोगी माणसांत उजळतात नेमके तसेच. २००६ मध्ये हे प्रसिद्ध झाले. येथे अनुमान भक्कम होते, कारण सूचना समजल्यावाचून आणि ती पाळण्याचा प्रयत्न केल्यावाचून अर्धा मिनिट टिकून राहणारा तो प्रतिसाद येणे कठीण. २०१० मध्ये अशाच ५४ रुग्णांपैकी पाच जण आपल्या इच्छेने मेंदूतील क्रिया बदलू शकले, आणि त्यांतील एकाने ‘टेनिस म्हणजे होय, घर म्हणजे नाही’ या संकेताने प्रश्नांची उत्तरे दिली.

२०२४ मध्ये अनेक देशांतील रुग्णालयांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. बाहेरून कोणत्याही सूचनेला प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांत, म्हणजे चारांत एकात, मेंदूने सूचना पाळल्याची खूण मिळाली. उरलेल्या १८१ जणांत जाणीव नाही, असे आता म्हणावे काय? त्याच अभ्यासात ११२ रुग्ण असेही होते की जे सूचनेप्रमाणे हातपाय हलवून उघड प्रतिसाद देत होते, ज्यांच्या जाणिवेविषयी शंकाच नव्हती. त्यांच्यापैकी यंत्रात खूण मिळाली ती केवळ ४३ जणांत. सातव्या शतकात धर्मकीर्तींनी सांगितले होते की वस्तू न दिसल्याने तिचा अभाव सिद्ध होतो, पण ती वस्तू असती तर दिसलीच असती अशी स्थिती असेल तेव्हाच. ही स्थिती त्या खाटेपाशी अजून आलेली नाही, आणि उपचार थांबवावयाचे की चालू ठेवावयाचे हे नातलगांना पुष्कळदा पहिल्या काही दिवसांतच ठरवावे लागते.